ड्रायव्हरच्या उजव्या हाताची जागा

कराडहून भिवंडीला माणसं कापडाच्या सौद्याला जातात, नात्यातल्या लग्नाला जातात, नाहीतर कुणी गेलं तर भेटायला जातात. मी जीप बघायला गेले. घरात हे जाहीर केलं तेव्हा आमचे हे जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, जीप म्हणजे काय राणीच्या बागेतला वाघ आहे का, एवढं लांब जाऊन बघायला? मी म्हटलं, वाघ बघून माणसं रिकाम्या हातानं परत येतात, मला आवडली तर मी घेणार आहे. त्यावर ते पुन्हा ताटाकडे वळले आणि मी बॅग भरायला.

जीपचा विषय निघाला की माझं डोकं ताळ्यावर नसतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्याकडे सासऱ्यांनी घेतलेली जुनी जीप आहे. उसाच्या फडात, बाजाराला, अडलेल्या बाईला घेऊन दवाखान्यात, सगळीकडे ती मीच नेते, कारण ह्यांना गिअर टाकताना रस्त्याकडे बघायचं लक्षात राहत नाही. गावात मला ‘जीपवाल्या वहिनी’ म्हणतात. मागून आणखी काय म्हणतात ते मी विचारत नाही.

तर अलीकडे पेपर उघडला की कुठल्या ना कुठल्या नव्या गाडीची जाहिरात. त्यात एक दिवस आपल्या जीपचाही फोटो, पण तोंडवळा पार बदललेला. गोल दिवे जाऊन चौकोनी आलेले, सपाट मडगार्ड गुळगुळीत होऊन खाली उतरलेली, दारं, दारांना काचा आणि ताडपत्रीच्या जागी पत्र्याचं टप. मला असा राग आला की काय सांगू. आपल्या माणसाला कुणीतरी न विचारता कोट-टाय घालून उभं करावं, तसं वाटलं. पण रागाबरोबर हातही शिवशिवायला लागले, तेही खरं. कराडात कुणाकडे ती आली नव्हती. तेवढ्यात माझ्या धाकट्या भावाचा, संजूचा, एसटीडी बूथवरून फोन आला. तो भिवंडीत एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. म्हणाला, "आक्का, तुझी ती नवी जीप आमच्या शेजारच्या इब्राहिमभाईंनी घेतली. तीन दिवसांनी पहिल्यांदा वरातीला निघणार आहे. येतेस का?"

मी दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली.

धामणकर नाका

संजूचं घर नाक्याच्या मागच्या गल्लीत. गल्लीच्या दोन्ही अंगांना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने, त्यांचा खडखडाट दिवसभर. पहिल्या चहाला मला समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना, दुसऱ्या चहाला मीच ओरडून बोलायला लागले आणि संध्याकाळपर्यंत आवाज असल्याचंही विसरले. माझी भावजय शोभा म्हणाली, ताई, गावी गेलं की मला शांततेनं झोप लागत नाही.

पहिला चहा संपतो न संपतो तोच मी संजूला बाहेर काढलं होतं. जीप इब्राहिमभाईंच्या दारात उभी होती आणि तिच्याभोवती गर्दी. शिफ्ट सुटलेली होती, त्यामुळे कारखान्यांतले कामगार केसांत कापसाचे तंतू घेऊन तसेच आलेले. प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. चहावाल्याचं दुःख असं, की जुन्या जीपच्या मडगार्डवर चहाचे ग्लास मांडता यायचे. ते दाखवायला त्यानं नव्या मडगार्डवर एक ग्लास ठेवला, तो सरळ घसरत खाली आला आणि इब्राहिमभाई रुमाल घेऊन धावले. नाक्यावरचे हवालदार मागच्या बाजूला दोनदा फिरून आले. त्यांना मागं लटकून चौकीपर्यंत जायची सवय होती आणि आता पाय कुठं टेकायचा ते सापडेना. एक आझमगडकडचा लूमवाला लांबूनच म्हणाला, "ये जीप कहाँ रही, ये तो सेठ लोगों की गाड़ी हो गई," आणि एवढं बोलून जवळ येऊन तिच्या काचेत बघत भांग पाडून गेला.

मी नाक मुरडूनच उभी होते. दिवे चौकोनी ते चौकोनीच. मग मी दार उघडलं आणि लावलं. आता जुन्या जीपवाल्यांनाच कळेल मी काय म्हणतेय. आमच्या जीपला दार म्हणजे कॅनव्हासचा पडदा, पावसात तोंडावर फडफडणारा. हे दार ‘धप्’ करून बसलं. मी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. संजू म्हणाला, आक्का, लोक बघतायत. बघू देत. आत बसले तर बाहेरचा खडखडाट निम्म्यानं कमी. स्टिअरिंग वळवायला हाताला जोर लागत नाही, असंही कुणीतरी सांगत होतं. माझा सगळा राग त्या दारात अडकून राहिला.

इब्राहिमभाई पन्नाशीचे, उंच, मेंदी लावलेली दाढी, पांढराशुभ्र सदरा. घराणं मूळचं खाडीकाठचं, कोकणी मुसलमान. आजोबांपासून इथं व्यापार. दोन पिढ्या लग्नांना, निवडणुकांना जीपा भाड्यानं देतायत. मी जीप चालवते ऐकून त्यांना फार आनंद झाला. दिव्यांच्या चौकोनावरून आमचं चांगलं भांडणही झालं. मग मी हळूच विचारलं, नाक्यापर्यंत एक चक्कर मारू का मी? त्यांनी छातीवर हात ठेवला.

"आक्का, राग मानू नका. वरात होईपर्यंत ह्या स्टिअरिंगला दुसरा हात लागणार न्हाय."

मी हसून बरं म्हटलं. मनातून इतकी चिडले होते की रात्रीचं जेवण त्यांच्याकडे आहे म्हटल्यावर जाऊ नये असं वाटलं. गेले नसते तर माझंच नुकसान होतं. इब्राहिमभाईंच्या आई, हाजराबी, यांनी तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, इतक्या पातळ की ताटात घडी घालून वाढल्या. आमच्या ज्वारीच्या भाकरीला दातांनी मान द्यावा लागतो, ही तोंडात गेली की नाहीशी. बरोबर नारळाच्या रसातली कोळंबी. मला वाटलं, तिखट नाही म्हणजे चव काय असणार, आणि बोलत बोलत किती भाकऱ्या खाल्ल्या ते हाजराबींनाच माहीत.

जेवता जेवता त्या वरातीचं सगळं कळलं. वडप्याच्या पुढं हायवे सोडून डोंगरात शिरलं की उंबरपाडा नावाचा वारल्यांचा पाडा आहे. तिथं पहिली जीप नेली ती इब्राहिमभाईंच्या वडिलांनी, हुसेनभाईंनी. तेव्हापासून त्या पाड्यावरचा ज्याला जीप झेपते तो नवरदेव याच घरच्या जीपमधून जातो. वारल्यांच्यात लग्न लावायला भटजी नसतो, लग्न लावते धवलेरी. म्हणजे सगळी गाणी जिच्या तोंडात आहेत अशी जाणती बाई. उंबरपाड्याची धवलेरी येसूबाई. तिचा शिरस्ता असा, की वरात निघाली की नवरीच्या पाड्यापर्यंत तोंड मिटायचं नाही. वाटेतल्या पाड्यांवरची माणसं गाणं ऐकून बाहेर येतात आणि गाण्यात नवरदेवाबरोबर गाडीवाल्याचंही नाव असतं.

"तर ते नाव माझ्या मालकाचा," हाजराबी म्हणाल्या. "ते जाऊन किती वरसा झाली. गाडी हा चालवतो, गाण्यात नाव बापाचा. आणि ह्याचे केस पिकले तरी ह्याला गाण्यात नाव पायजे."

त्या हसत होत्या. इब्राहिमभाई हसत नव्हते. त्यांनी एकदा येसूबाईला विचारलंही होतं. ती म्हणाली, गाडी बापानं आणली, मग नाव बापाचं. तू आणशील तेव्हा बघू. म्हणून या सीझनला त्यांनी वडिलांची जुनी जीप विकली आणि ही घेतली.

"भिवंडीत माझं नाव पाटीवर हाय," ते ताटाकडे बघत म्हणाले. "पण डोंगरात मी अजून हुसेनचा पोरगा. परवा गाण्यात माझं नाव आलं तर आलं. न्हायतर मग कधी येणार?"

हाजराबींनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि लेकाला बजावलं, या बाईला परवा बरोबर घेऊन जा, हिला गाडीतलं कळतं.

गॅरेज

दुसरा दिवस आम्ही एका दारापायी घालवला.

जुन्या जीपमधून प्रवास केलेल्यांना सांगायला नको, पण न केलेल्यांसाठी सांगते. तिला ड्रायव्हरच्या बाजूला दार नसायचं आणि पुढची सीट सलग असायची. त्यामुळे आमच्याकडे वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेऊन माणसं कोंबणाऱ्या, जीपमध्ये ड्रायव्हर डावीकडे सरकून कसाबसा बसतो आणि त्याच्या उजव्या हाताला, अर्धा बाहेर, आणखी एक पॅसेंजर असतो. कराडला ती जागा कुणालाच नको असते, उशिरा येणाऱ्याच्या नशिबी ती. उंबरपाड्याच्या वरातीत मात्र तीच मानाची. तिथं येसूबाई बसायची, एक पाय बाहेरच्या पायरीवर, म्हणजे आवाज मोकळा जातो आणि वाटेवरच्यांना ती दिसते.

आता नव्या जीपला दार आहे. मग काय करायचं? इब्राहिमभाईंना रात्रभर विचार करून सुचलं, की दार काढून टाकायचं. भिवंडीत जीप घेतली की पहिल्या आठवड्यात तिच्यात काहीतरी कापायचं नाहीतर जोडायचं, ही इथली रीतच आहे, संजू म्हणाला. ओळखीच्या मिस्त्रीनं बिजागऱ्या सोडवल्या. कोऱ्या गाडीचं कोरं दार गोधडीवर निजवलं. इब्राहिमभाईंनी तिकडे बघायचंही टाळलं. मग ते ऐटीत ड्रायव्हरच्या सीटवर बसले, नेहमीसारखे डावीकडे सरकायला गेले आणि सरकताच येईना.

सीट एकट्याची होती. दोन्ही बाजूंनी उचललेली, मधे फट, फटीत गिअर. माणूस एकदा बसला की बसला, शेजारी मांजरसुद्धा मावणार नाही. दार काढायच्या आधी सीटकडे बघावं हे ना त्यांना सुचलं, ना मिस्त्रीला, ना संजूला, ना मला. मीसुद्धा सकाळभर पाना हातात घेऊन मदत करत होते. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग मला जे हसू फुटलं ते आवरेना. इब्राहिमभाईही शेवटी हसले, पण कपाळाला हात लावून.

दार पुन्हा बसवलं. ते बसलं, पण आता ‘धप्’ होईना, नुसतं ‘टक्’ वाजायचं. संध्याकाळपर्यंत मिस्त्री त्याच्याशी झटत होता. शेवटी ठरलं, की येसूबाईला पुढं डाव्या खिडकीत बसवायचं आणि काच खाली करायची. भांडी, टोपल्या वगैरे सामानासाठी मिस्त्रीनं टपावर कॅरिअर आणि मागून वर चढायला लोखंडी शिडीही बसवून दिली. सगळं नीट जमेल असं इब्राहिमभाई तीनतीनदा म्हणत होते.

उंबरपाडा

वडप्यापर्यंत हायवे. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं वाळलेली आणि मधेच कुठं नवी गोडाऊनं उठलेली, भिंती झालेल्या, पत्रे यायचे. मग आम्ही वळलो आणि डांबर संपलं. चैत्रातलं ऊन, लाल धुरळा, उतारावर पळस जळत असल्यासारखे आणि मोहाच्या झाडांखाली गळलेली फुलं गोळा करणाऱ्या बाया. त्या कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत राहायच्या. मी काच खाली-वर करत होते. दर वेळी धुरळा बाहेर राहिला की मला नव्यानं आनंद व्हायचा. शेवटी इब्राहिमभाई म्हणाले, आक्का, काच झिजेल.

पाड्यावर पोचलो तर हळदीचा वास, ढोल आणि अंगणात मांडव. आम्हाला नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी दिली. चटणीनं मात्र मला घरची आठवण झाली, डोळ्यांतून पाणी आलं तरी मी मागून घेतली. नवरदेव लहानू, राहनाळच्या गोडाऊनमध्ये हमालीला जाणारा पोरगा. नवी पँट, नवा शर्ट, वरून हळद, त्यावर काळा गॉगल. जीप बघून तो इतका हरखला की लोकांना आवरून धरावं लागलं. त्याचं म्हणणं एकच, काचा बंद करायच्या आणि टेप लावायचा. आजवर ज्या नवऱ्यांनी या वाटेनं प्रवास केला ते सगळे नवरीच्या दारात लाल होऊन उतरले होते, तो पांढरा उतरणार होता. त्याच्या आईनं हळदीचे पंजे बॉनेटवर उमटवले. इब्राहिमभाईंनी मान खाली घालून ते उमटवू दिले.

मग येसूबाई आली. अंगानं काडी, कपाळावर आणि हातांवर गोंदण, कमरेला गच्च लुगडं. ती आली तसा ढोल थांबला. तिनं गाडीला एक फेरी मारली, कशालाही हात न लावता. मग इब्राहिमभाईंना विचारलं, मी कुठं? त्यांनी डावं दार उघडलं, काच खाली केली, गादी झटकली. ती आत बसली. एक ओळ गायली. मला तिच्याशेजारी उभं राहून ती ऐकू आली, पण मांडवाच्या टोकाला उभ्या बाया कानाला हात लावायला लागल्या. येसूबाई खाली उतरली.

"मना गाना डब्यात बसून गायचा न्हाय," ती म्हणाली. "वाटंवरच्या मानसांना काय आयकू येल? त्यांना काय दिसल?"

तिनं आवाजही चढवला नव्हता. लहानूचा बाप म्हणाला, राहू दे, बैलगाडी जुंपू. लहानूनं गॉगल काढला. इब्राहिमभाई उघडं दार धरून तसेच उभे होते. एवढी हौस केली, बापाची जीप विकली आणि इथं सगळं एका काचेपाशी अडून बसलं. मला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण पाहुणीनं काय बोलायचं?

येसूबाई तोवर गाडीच्या मागं गेली होती. तिथून तिचा आवाज आला.

"ह्यो जिना कोनाला?"

"सामानाला, आजी," इब्राहिमभाई म्हणाले.

"मंग सामान खाली घे."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग कळलं तेव्हा मीच पहिली पुढं झाले. अहो, म्हातारी बाई, टपावर, डोंगरातल्या रस्त्याला, आणि दुसरं म्हणजे खाली नवरदेव बसणार, त्याच्या डोक्यावर हिचे पाय! आमच्याकडे नवरदेवाच्या अंगावरून कुणी ओलांडूनसुद्धा जात नाही. लहानूचा बाप माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "आज ती समद्यांच्या वर हाय, बाय." आणि तो टोपल्या उतरवायला लागला. जुन्या जीपला ताडपत्री होती, तिच्यावर कुणी बसलं असतं तर थेट नवऱ्याच्या मांडीत आलं असतं. नव्या जीपचं टप पत्र्याचं. डोक्यावर बसायची सोय त्या कंपनीनं कुणासाठी केली असेल ते असो, येसूबाईनं ती एका फेरीत ओळखली.

इब्राहिमभाईंनी कोऱ्या रंगाचा विचार केला असणार, कारण त्यांनी एकदा डोळे मिटले. मग घोंगडी आणली, कॅरिअरवर चौघडी घालून पसरली आणि म्हातारीला स्वतः हात देऊन वर चढवलं. ती मांडी घालून, एका हातानं दांडा धरून बसली आणि वरून सगळ्या पाड्याकडे बघून प्रसन्न हसली. सामान आमच्या मांड्यांवर आलं. माझ्या वाट्याला तांदळाची टोपली आणि लहानूच्या मावशीची नात आली.

चढ

आता खरी गंमत ऐका. गाडी निघाली, येसूबाईनं गाणं उचललं, आणि आत आम्हाला त्यातलं अवाक्षर ऐकू येईना! काचा खाली केल्या तरी इंजिन, खडी आणि डोक्यावर तिच्या तळव्यानं पत्र्यावर पडणारा ठेका, बस्स. लहानूनं मागून वाकून टेप लावायला हात नेला तर इब्राहिमभाईंनी असं बघितलं की त्यानं तो मुकाट्यानं मागं घेतला. बाहेर मात्र डोंगर जागा झाला होता. पहिला पाडा अजून लांब होता तरी माणसं शेतातून धावत सुटली. आधी टपाकडे बोट, मग हसू, मग टाळ्या. बाया गाडीबरोबर नाचत चालायला लागल्या. एवढा आनंद मी कुठल्याही वरातीत बघितला नाही. आमच्याकडे बँड लावतात, लोक खिडकीतून बघतात आणि खिडकी लावून घेतात.

इब्राहिमभाई चाकावर वाकून, मान बाहेर काढून ऐकायचा प्रयत्न करत होते. एकदा गाडी कडेच्या दगडाला घासता घासता वाचली. पाड्याशी त्यांनी वेग कमी करून एका म्हाताऱ्याला विचारलं, काय म्हणते ती?

"तुज्या बापाचा नाव घेते," म्हातारा आनंदानं म्हणाला.

इब्राहिमभाईंनी मान हलवली आणि गिअर टाकला. त्यानंतरच्या पाड्यावर त्यांनी कुणालाच विचारलं नाही. माझ्या मांडीवरची पोरगी टोपलीतले तांदूळ खात होती आणि मी तिला आवरत नव्हते, माझं सगळं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं.

पुढं चढ लागतो. एका बाजूला दरी, मधे पावसानं खणलेल्या नाळी, वर मोठाले दगड. जुनी जीप इथं हटकून दम टाकायची. मग नवरदेवासकट सगळे उतरायचे, ढकलायचे, फक्त येसूबाई बसून राहायची, हे सगळं मावशीनं मला सांगितलं. चढाच्या पायथ्याशी इब्राहिमभाईंनी गाडी उभी केली. सवयीनं मागचे लोक दार उघडून उतरायला लागले. ते स्वतःही उतरले आणि माझ्या खिडकीशी आले.

"आक्का, तुम्ही चालवता का?"

मी म्हटलं, मी? मग ते हळू आवाजात म्हणाले, "मला आयकायचं हाय. काय म्हणते ती, माझ्या कानानं."

तांदळाची टोपली मी कुणाच्या मांडीवर टाकली ते आठवत नाही. चाकाशी बसले आणि सीट पुढं ओढली. मी मागच्यांना म्हटलं, कुणी उतरायचं नाही, बसा. चारी चाकांना ताकद दिली, छोटा गिअर टाकला आणि हळूच क्लच सोडला. आरशात इब्राहिमभाई मागच्या शिडीवर लटकलेले दिसत होते, एक हात दांड्याला, सदरा वाऱ्यानं फुगलेला, तोंड वर.

काय गाडी आहे हो! नाळ आली, गाडी झुकली, माझा जीव वर टपावर जाऊन बसला, आणि गाडी पुन्हा सरळ. दगडावर चाक चढलं तसं सावकाश उतरलं. आमच्या घरच्या जीपनं एव्हाना रडायला सुरुवात केली असती, ही नुसती घुमत होती. प्रत्येक झोक्याला मी कान डोक्यावर लावत होते. ठेका चुकला तर थांबायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. ठेका चुकला नाही. मागं लहानू दर वळणाला ‘आयली, आयली’ म्हणत होता, गॉगल केव्हाच मांडीवर. त्या चौकोनी दिव्यांना मी मनातल्या मनात माफ केलं. (आल्या आल्या बुकिंग केलं आहे. ह्यांना अजून सांगायचंय.)

एकदाचा माथा आला. सगळी वरात बसल्या जागी, कुणाच्या पायाला माती नाही. समोर खाली नवरीचा पाडा, मांडवाची हिरवी पानं आणि अंगणात जमलेली माणसं. आणि मी, घाट चढून आलं की इंजिन निवायला बंद करायची माझी जन्माची सवय, चावी फिरवून मोकळी झाले. या गाडीला त्याची काही गरज नव्हती.

सगळं एकदम शांत झालं. त्या शांततेत पत्र्याच्या वरून, थेट डोक्यावरून, म्हातारीचा आवाज आला. चिरका होता, पण काय लांब जात होता.

"कोनाची गो गाडी आयली, डोंगर चढून गाडी आयली…"

खालची माणसं वर बघायला लागली. आत लहानूची मावशी तोंडावर पदर धरून बसली होती. येसूबाईनं श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली.

"इब्राहिमची गाडी आयली, इब्राहिमची गाडी आयली…"

खालून ढोल वाजला. गाडीत लोक हसायला, माझ्या पाठीवर थापा मारायला लागले. लहानू म्हणाला, चला, चला, समदी वाट बघतात. मी आरशात बघितलं तर इब्राहिमभाईंनी शिडीच्या दांड्यावर कपाळ टेकलेलं. मी चावीला हात घातला तेवढ्यात ते शिडीवरून उतरले, धावतच माझ्या खिडकीशी आले आणि त्यांनी आतल्या सगळ्यांना बोटानं गप्प केलं.

"आक्का, चालू नका करू," ते म्हणाले. "अजून एकदा म्हणेल ती."

मी चावी सोडली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.